उजेडाची वाट

१४.० प्रस्तावना



घरातील दिवा मंद जळू लागला, पंपाचे पाणी कमी येऊ लागले किंवा शिलाईयंत्र अडखळू लागले, म्हणजे आपण काय करतो? पुष्कळदा समोर दिसणारी वस्तूच बदलून टाकतो. पैसे खर्च होतात, दोन दिवस बरे जातात आणि दोष पुन्हा डोके वर काढतो. कारण दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो, असे नाही.

प्रस्तुत पाठ हा अनुभवकथनपर लेख आहे. तो लखनौमधील चारबाग परिसरात घडतो. चारबाग म्हटले की तेथील घुमटामनोऱ्यांचे भव्य रेल्वे स्थानक डोळ्यांसमोर येते. १९१४ साली त्याची पायाभरणी झाली. या स्थानकाच्या आजूबाजूला रेल्वेचे कारखाने, नाका हिंडोला आणि लाटूश रोडचे बाजार व लहानमोठ्या दुरुस्तीशाळा आहेत. नोकरीनिमित्त उत्तरेत गेलेली अनेक मराठी कुटुंबे लखनौत स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबातील जुन्या मोटारीचे पुढचे दिवे मंद झाले. त्याचे कारण शोधताना काय घडले, ते आता वाचू या.

१४.१ उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपण

• दोषाचे कारण क्रमाक्रमाने कसे शोधावे, हे सांगू शकाल;
• मोटारीचे दिवे मंद होण्याची कारणे व त्यांवरील उपाय स्पष्ट करू शकाल;
• विभवांतर, विद्युतधारा व रोध यांचा परस्परसंबंध उदाहरणाने मांडू शकाल;
• पाठातील व्यक्तींच्या स्वभावाविषयी आपले मत लिहू शकाल;
• कृती सांगणारे लेखन योग्य क्रियापदे वापरून करू शकाल.

१४.२ मूळ पाठ

माझे वडील चारबागच्या रेल्वे कारखान्यात नोकरीला होते. पुण्याहून ते ऐन पंचविशीत आले आणि निवृत्त होईपर्यंत येथेच राहिले. कारखान्यात ते अस्खलित हिंदी बोलत. घराचा उंबरठा ओलांडला की मराठी. त्यांना ना पानाचा षौक होता, ना सिनेमाचा. एकच चैन त्यांनी आयुष्यात केली. ती म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १९६७ सालची फियाट अकराशे. गाडी जुनीच घेतलेली होती. पण रविवारी सकाळी बादलीभर पाणी आणि मऊ फडके घेऊन बाबा तिच्यापाशी उभे राहिले, म्हणजे ती आजच कारखान्यातून आली आहे असे वाटावे. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी त्यांनी तिला नवा रंग दिला होता. आकाशी रंगाची ती गाडी आमच्या गल्लीची शोभा होती.

ही गोष्ट १९९८ सालच्या डिसेंबरातली. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. मी बारावीला पदार्थविज्ञानात नापास होऊन घरी बसलो होतो. घरात दोघेही रिकामे. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावे हे सुचत नसे.

कानपूरला एका लग्नाला जाऊन आम्ही दोघे परत येत होतो. कानपूर ते लखनौ सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. उन्नाव मागे पडले आणि अंधार झाला. शेतांवरून धुके रस्त्यावर उतरू लागले. आमच्या गाडीचे दिवे चालू होते. पण त्यांचा उजेड म्हणजे कंदिलाचा पिवळा कवडसा. समोरून मालमोटार आली की तो कवडसाही नाहीसा होई. बाबा पुढे वाकून, डोळे बारीक करून गाडी चालवत होते. एकाएकी समोर उसाने भरलेली बैलगाडी उभी राहिली. बाबांनी सारा जोर लावून ब्रेक दाबला. काळजाचा ठोका चुकला. गाडी थांबली तेव्हा उसाचे शेंडे आमच्या बॉनेटवर टेकले होते. उसाच्या भाऱ्यांवर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा झोपलेला होता. धक्क्याच्या आवाजाने तो उठून बसला आणि आमच्याकडे पाहू लागला.

उरलेला रस्ता बाबांनी बैलगाडीच्याच वेगाने कापला. घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली.

"माझे डोळे गेले," ते आईला म्हणाले. "बैलगाडी दिसली नाही मला. आता ही गाडी विकून टाकू."

आई काही बोलली नाही. त्यानंतरच्या रविवारी बादली आणि फडके बाहेर आले नाही.

मला ते पाहवेना. बाबांना न सांगता मी गाडी बाजारातल्या एका दुकानात नेली. "दिवे मंद आहेत," एवढेच सांगितले. दुकानदाराने गाडीकडे नीट पाहिलेही नाही. मूळचे ४५ वॅटचे बल्ब काढून त्याने १०० वॅटचे बल्ब बसवले. अर्ध्या तासात काम झाले. संध्याकाळी मी दिवे लावून पाहिले. उजेड किंचित वाढला होता. पण दहा मिनिटांत जळका वास येऊ लागला. दिव्याच्या बटणाची दांडी हाताला चटका बसेल इतकी तापली होती. मी घाबरून दिवे बंद केले आणि झाला प्रकार बाबांच्या कानावर घातला. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "विकायची तरी धड करून विकू. चल, उस्तादांकडे जाऊ."

उस्तादांचे दुरुस्तीचे ठिकाण स्थानकापासून नाका हिंडोल्याकडे जाताना लागणाऱ्या एका गल्लीत होते. पत्र्याचे छप्पर, एक लाकडी फळी आणि भिंतीवर टांगलेले पाने. सत्तरीला टेकलेले उस्ताद शाळेत कधी गेलेच नव्हते. आकडे त्यांना वाचता येत, अक्षरे नव्हे. लखनौच्या रिवाजाप्रमाणे ते मलाही 'आप' म्हणत. कारखान्यातल्या नोकरीमुळे बाबांना ते 'बाबूजी' म्हणत.

बाबांनी सारी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "उस्ताद, खरे तर दोष गाडीचा नाही. माझे डोळेच गेलेत."

"डोळ्यांचा हिशोब मागून करू, बाबूजी," उस्ताद म्हणाले. "आधी गाडीचा करू."

त्यांनी पहिल्यांदा ते १०० वॅटचे बल्ब काढून जुने बसवले. मग मला गाडी सुरू करायला सांगितली. इंजिन मंद फिरत असताना दिवे पिवळे. वेग वाढवला तरी जवळजवळ तसेच पिवळे. "डायनामो कमी पडत असता, तर वेगाबरोबर उजेड चांगलाच वाढला असता," ते म्हणाले. "म्हणजे डायनामोला सध्या सोडून देऊ."

मग त्यांनी उजवा दिवा घरट्यातून सोडवला आणि दोन सुट्या वायरींनी तो सरळ बॅटरीला जोडला. पांढरा स्वच्छ झोत समोरच्या भिंतीवर पडला. तिन्हीसांजेची वेळ होती. भिंतीवर कुणीतरी गेरूने काहीबाही लिहिले होते. उस्तादांनी दिव्याचे तोंड त्या अक्षरांकडे वळवले.

"बाबूजी, मला तर वाचता येत नाही. काय लिहिले आहे तेवढे सांगा."

बाबांनी मान उंचावून, जागचे न हलता वाचले, "येथे गाडी उभी करण्यास मनाई आहे."

आमची गाडी नेमकी तेथेच उभी होती. आम्ही तिघेही हसलो. उस्तादांनी दिवा पुन्हा गाडीच्या वायरींना जोडला. भिंत पिवळी पडली. अक्षरे दिसेनाशी झाली.

"आता वाचा."

बाबांना वाचता येईना. मलाही येईना.

"हे साहेबजादे अठरा वर्षांचे आहेत ना? यांचेही डोळे गेले का?" उस्ताद म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि ते बॉनेटवर वाकले. कित्येक दिवसांनी मी त्यांना तसे वाकलेले पाहत होतो.

दिवा चांगला, बॅटरी चांगली. मग उजेड जातो कुठे? उस्तादांनी एक लांब वायर घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावले, दुसरे दिव्याच्या अर्थिंगच्या वायरीला टेकवले. दिवा एकदम उजळला. वायर काढली, दिवा पुन्हा मंद.

"चोर परतीच्या वाटेवर आहे," ते म्हणाले.

दोन्ही दिव्यांची अर्थिंगची वायर बॉनेटखाली आतल्या पत्र्यावर एका स्क्रूने कसलेली होती. स्क्रू काढला तेव्हा वायरीच्या चकतीखाली आकाशी रंगाचा जाड थर निघाला. रंगकाम करताना पत्रा उघडा न ठेवता त्यावर सरसकट रंग मारला होता आणि स्क्रू वरून पुन्हा आवळला होता. स्क्रूच्या आट्यांमधून जेवढी वाट मिळेल तेवढ्यातून वीज कशीबशी परत जात होती. त्या आट्यांनाही आता गंज चढला होता.

"रंग फार सुरेख आहे, बाबूजी," उस्ताद म्हणाले, "पण वीज रंगातून जात नाही."

बाबा त्या थराकडे पाहत राहिले. तो रंग त्यांनी स्वतः निवडला होता.

बाबांजवळ काट्याचा जुना मल्टिमीटर होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो घेऊन गेलो. स्क्रू तात्पुरता जसाच्या तसा लावून, दिवे चालू ठेवून मी मापे घेतली. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, दिव्यावर ९.६. मधल्या वाटेत २.६ व्होल्ट हरवत होते. परतीच्या वाटेवर १.७ आणि जाण्याच्या वाटेवर ०.९. दिव्यांतून सुमारे ६.५ अँपियर धारा जात होती. मी मडगार्डवरच्या धुळीत बोटाने भागाकार मांडला. २.६ भागिले ६.५, म्हणजे ०.४ ओहम.

"हे काय?" उस्तादांनी विचारले.

"वाटेतला अडथळा. त्याचे माप."

"हा हिशोब कुठे शिकलात?"

"पुस्तकात." मी खाली पाहत म्हणालो, "पण नापास झालो."

"मग पुन्हा बसा," ते सहजपणे म्हणाले. "पन्नास वर्षे हे माझ्या बोटांना कळत होते. आकडा आज कळला."

दोन दिवस काम चालले. अर्थिंगच्या जागेवरचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. जोड कसल्यावर त्यावर ग्रीसचे बोट फिरवले. त्याशिवाय दिव्यांपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जाड वायर स्वतंत्रपणे ओढली. जाण्याच्या वाटेवर फ्यूजच्या पकडी हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून घट्ट केल्या. लाटूश रोडवरून बाबांनी दोन रिले आणले आणि दिव्यांचा भार बटणावरून काढून रिलेवर टाकला. मग पुन्हा माप घेतले. दिव्यावर ११.८ व्होल्ट. बल्ब तेच, जुने, ४५ वॅटचे.

तिसऱ्या दिवशी रात्री बाबांनी कोनाड्यातली किल्ली घेतली. आम्ही चारबाग स्थानकासमोरून आलमबागेपर्यंत गेलो आणि परत आलो. धुके होतेच. बाबांनी दिव्यांचा झोत खाली ठेवला होता. रस्त्याच्या कडेने चाललेला सायकलवाला दुरूनच दिसला. माझा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र काहीच झाले नाही अशा स्वरात म्हणाले, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. चष्म्याचा नंबरही थोडा बदलला असेल."

तो खरेच थोडा बदलला होता.

मी पुन्हा परीक्षेला बसलो आणि पास झालो. पुढे गाडीला आणखी एकदा रंग दिला. त्या वेळी बाबा रंगाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. बॉनेटखाली जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढी जागा त्यांनी त्याला रंगवू दिली नाही. आकाशी पत्र्यावर तो उघडा ठिपका अजून तसाच आहे.

१४.३ शब्दार्थ

षौक – आवड, नाद
कवडसा – फटीतून किंवा छिद्रातून येणारा उजेडाचा ठिपका
तिन्हीसांज – दिवस मावळण्याची वेळ
रिवाज – पद्धत, प्रथा
साहेबजादे – (येथे) मोठ्या घरचे चिरंजीव. प्रेमाने व थट्टेने म्हटलेले
हकिगत – घडलेली खरी गोष्ट
आटे – स्क्रूवरील वळसेदार खाचा
अर्थिंग – (मोटारीत) विजेला बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे परत नेणारी जोडणी
रिले – लहान धारेच्या साहाय्याने मोठी धारा चालू-बंद करणारे साधन

१४.४ चला, समजून घेऊ या

(अ) उजेडाला दोन वाटा लागतात

बॅटरीच्या एका टोकाकडून निघालेली वीज दिव्यातून जाऊन दुसऱ्या टोकाला परत आली, तरच दिवा लागतो. जाण्याची वाट वायर, फ्यूज व बटण यांमधून जाते. परतीच्या वाटेसाठी मोटारीत पुष्कळ ठिकाणी वेगळी वायर नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच वायरीचे काम करतो. म्हणून दिव्याची वायर पत्र्याला जेथे जोडलेली असते, ती जागा स्वच्छ धातूची असावी लागते. मध्ये रंग, गंज किंवा धूळ आली की वाट अरुंद होते. आपण जाण्याची वाट तपासतो आणि परतीची विसरतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही चूक फार वेळा होते.

(आ) ०.४ ओहम म्हणजे किती?

ओहमच्या नियमानुसार विभवांतर = विद्युतधारा × रोध. म्हणून रोध काढण्यासाठी विभवांतराला धारेने भागावे. लेखकाने धुळीत मांडलेला हिशोब हाच आहे : २.६ ÷ ६.५ = ०.४ ओहम.

हा रोध दिसायला अगदी क्षुल्लक आहे. परंतु तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. दाब सुमारे एक-पंचमांशाने कमी झाला, तर उजेड निम्म्याहूनही कमी होतो आणि तो पांढऱ्याऐवजी पिवळा दिसतो. १२.२ व्होल्टऐवजी ९.६ व्होल्ट मिळणाऱ्या दिव्यांची हीच अवस्था झाली होती.

(इ) मोठा बल्ब हा उपाय का नव्हे?

४५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून ७.५ अँपियर धारा घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपियर घेऊ पाहतात. वाट मात्र तीच. धारा वाढली की वाटेत हरवणारा दाबही वाढतो. शिवाय रोधात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट होते. म्हणून बटण तापले व जळका वास आला. अशाने गाडीला आग लागू शकते. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात, तो धोका निराळाच.

(ई) रिले काय करतो?

जुन्या गाड्यांत दिव्यांची सारी धारा चालकाच्या हाताजवळील बटणातून जाते. वायर लांब, बटण नाजूक, जोड अनेक. रिले बसवल्यावर बटणातून फक्त रिलेपुरती अल्प धारा जाते. तिने रिलेतील विद्युतचुंबक कार्यान्वित होतो आणि बॅटरीकडून दिव्याकडे जाणारी जाड, आखूड वाट उघडतो. रिलेवर सहसा चार क्रमांक असतात. ८५ व ८६ हे विद्युतचुंबकाचे, ३० हा बॅटरीकडून येणाऱ्या वायरीचा आणि ८७ हा दिव्याकडे जाणाऱ्या वायरीचा. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घातल्याशिवाय ही जोडणी करू नये.

(उ) दिवे मंद असल्यास तपासणीचा क्रम

१. इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. उजेड पुष्कळ वाढला तर बॅटरी व डायनामो तपासावेत.
२. दिवा सोडवून फ्यूज लावलेल्या वायरीने थेट बॅटरीला जोडावा. तरीही मंद असेल तर दोष बल्बचा किंवा परावर्तकाचा समजावा.
३. थेट जोडल्यावर उजेड पडला तर दोष वाटेत आहे. प्रथम अर्थिंग तपासावे.
४. दिवे चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक व दिव्याचे अर्थिंग यांमधील दाब मोजावा. मग बॅटरीचे धन टोक व दिव्याची धन वायर यांमधील दाब मोजावा. जेथे आकडा मोठा, तेथे अडथळा मोठा.
५. जोड घासावेत, घट्ट करावेत, ग्रीस लावावे व पुन्हा मोजावे.
६. शेवटी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून सुमारे २५ फुटांवर उभी करून झोताची दिशा पाहावी. खालचा झोत दिव्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडला पाहिजे.

काम सुरू करण्यापूर्वी दिवे बंद करावेत आणि वायरी सोडवण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. परावर्तकाचा चकचकीत मुलामा अतिशय पातळ असतो. तो पॉलिशने किंवा खरखरीत कापडाने घासू नये. धुक्यात वरचा झोत वापरू नये. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून तो चालकाच्याच डोळ्यांवर परततो.

(ऊ) व्यक्तींचा परिचय

बाबा गाडीवर प्रेम करतात. पण अपघात टळल्यावर ते सगळा दोष स्वतःवर घेतात. निवृत्तीनंतर आपण निरुपयोगी झालो, ही भावना त्यामागे आहे. उस्ताद त्यांची समजूत शब्दांनी घालत नाहीत. भिंतीवरची अक्षरे वाचायला लावून त्यांना प्रत्यक्ष पुरावा देतात. लेखकाजवळ पुस्तकातील नियम आहे, पण त्याचा उपयोग त्याला माहीत नाही. उस्तादांजवळ अनुभव आहे, पण त्याचा आकडा नाही. त्या दुरुस्तीशाळेत दोन्ही एकत्र येतात. चष्म्याचा नंबर थोडा बदललेला निघाला, हेही लेखक लपवत नाही. त्यामुळे कथन विश्वसनीय वाटते.

जाणून घ्या

पाठातील मोटार तयार करणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट अकराशे ही मोटार तयार होई. पुढे हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून अनेक दशके धावलेल्या या गाड्यांची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'विंटेज' वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. मात्र तशी नोंदणी झालेले वाहन रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

पाठगत प्रश्न १४.१

योग्य पर्याय निवडा.

१. बाबांनी गाडी विकण्याचे ठरवले, कारण
(क) गाडी फार जुनी झाली होती (ख) आपले डोळे अधू झाले असे त्यांना वाटले (ग) त्यांना पैशांची गरज होती

२. दिव्यांच्या अर्थिंगमध्ये अडथळा आला होता तो मुख्यतः
(क) रंगाच्या थराचा (ख) तुटलेल्या वायरीचा (ग) जळलेल्या फ्यूजचा

३. दुरुस्तीनंतर गाडीत बल्ब होते
(क) १०० वॅटचे (ख) ९० वॅटचे (ग) ४५ वॅटचे

४. चूक की बरोबर ते लिहा : धुक्यात वरचा झोत लावल्यास अधिक दूरचे दिसते.

१४.५ भाषाभ्यास

(अ) वाक्प्रचार

काळजाचा ठोका चुकणे – अतिशय घाबरणे
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होऊन हायसे वाटणे
कानावर घालणे – सांगणे, माहिती देणे
डोके वर काढणे – पुन्हा उद्भवणे

वरील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

(आ) एक शब्द, दोन अर्थ

'वाट' या शब्दाचा अर्थ 'रस्ता' असा आहे. 'वाट पाहणे' म्हणजे प्रतीक्षा करणे, तर 'वाट लागणे' म्हणजे नुकसान होणे. पाठाच्या शीर्षकात 'वाट' हा शब्द विजेचा मार्ग आणि अडचणीतून बाहेर पडण्याचा मार्ग अशा दोन्ही अर्थांनी आला आहे. 'दाब', 'भार' व 'धारा' या शब्दांचे दोन-दोन अर्थ आपण शोधा.

(इ) कृती सांगणारी वाक्ये

'दिवा सोडवला', 'जोड घासले' ही वाक्ये घडलेली गोष्ट सांगतात. 'दिवा सोडवावा', 'जोड घासावेत' ही वाक्ये काय करणे योग्य आहे ते सांगतात. दुसऱ्या प्रकारातील क्रियापदे विध्यर्थी आहेत. सूचना, नियम व कृती लिहिताना अशी रूपे वापरतात. मूळ पाठातील 'दोन दिवस काम चालले' या परिच्छेदातील कोणतीही चार वाक्ये विध्यर्थी करून लिहा.

१४.६ आपण काय शिकलो

• दोष जेथे दिसतो, तेथेच तो असेल असे गृहीत धरू नये.
• एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि प्रत्येक तपासणीतून एक शक्यता वगळावी.
• मोटारीचे दिवे मंद होण्यामागे पुष्कळदा अर्थिंगमधील रंग व गंज आणि जुने जोड असतात.
• दाब थोडा घटला तरी उजेड पुष्कळ घटतो.
• अनुभव आणि पुस्तकी ज्ञान परस्परांना पूरक आहेत.

१४.७ पाठान्त प्रश्न

१. उस्तादांनी दोष शोधण्यासाठी केलेल्या तपासण्या क्रमाने लिहा. प्रत्येक तपासणीतून काय कळले ते सांगा.
२. बाबांना भिंतीवरील अक्षरे वाचायला लावण्यामागे उस्तादांचा हेतू काय होता?
३. "रंग फार सुरेख आहे, बाबूजी, पण वीज रंगातून जात नाही." या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. बाबांनी नाण्याएवढी जागा रंगवू न देण्याचे कारण आपल्या शब्दांत लिहा.
५. एका दिव्याच्या वाटेत १.५ व्होल्ट हरवतात आणि धारा ३ अँपियर आहे. वाटेतील रोध काढा.
६. आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या वस्तूची दुरुस्ती कशी केली, ते सुमारे १५० शब्दांत लिहा. आधी काय गृहीत धरले होते आणि खरे कारण काय निघाले, याचा उल्लेख करा.

१४.८ उत्तरसूची

पाठगत प्रश्न १४.१ : १. (ख) २. (क) ३. (ग) ४. चूक

पाठान्त प्रश्न ५ : १.५ ÷ ३ = ०.५ ओहम